बरोबर उत्तर, चौदा वेळा चूक



जत्रेतल्या उभ्या पाळण्यात आपण सगळेच कधी ना कधी बसलेलो असतो. समजा, खाली उतरल्यावर कुणी विचारलं, "पाळण्याचा मधला कणा आणि पाळण्याचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्यावर तू केव्हा होतास?" तर एका शब्दात उत्तर देता येणार नाही. एकदा वर जाताना होतो, एकदा खाली येताना होतो. आणि पाळणा काही एका फेरीत थांबत नाही. दुसऱ्या फेरीत पुन्हा दोनदा, तिसऱ्या फेरीत पुन्हा दोनदा. पाळणा फिरतच राहिला तर प्रश्न एक आणि उत्तरं अगणित.

त्रिकोणमितीतलं 'साइन एक्स बरोबर एक छेद दोन' हे समीकरण म्हणजे हाच पाळण्याचा प्रश्न. कण्याच्या पातळीपासून कोन मोजायला लागलो तर ३० अंशांवर आणि १५० अंशांवर आपण नेमके त्या उंचीवर असतो. त्यात ३६० मिळवा, पुन्हा ३६० मिळवा, नाहीतर ३६० वजा करा. पाळणा त्याच जागी येतो आणि उत्तर बरोबरच राहतं. या पुनःपुन्हा त्याच जागी येण्याला गणितात आवर्तन म्हणतात. आपल्याकडे ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ज्यांचं कोष्टक दिलं आहे. ज्या म्हणजे आजच्या साइनचीच पूर्वज. त्या कोष्टकात फक्त २४ नोंदी आहेत, पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतराने, ९० अंशांपर्यंत. तेवढ्यात काम भागतं, कारण पुढचं सगळं वर्तुळ त्याच किमती उलटसुलट क्रमाने पुन्हा दाखवतं.

हा प्रश्न वहीत सोडवला आणि मास्तरांनी तपासला तर काही अडचण येत नाही. मुलाने ३० लिहिलं काय किंवा ३९० लिहिलं काय, मास्तरांना कळतं. पण हाच प्रश्न संगणकाने विचारला आणि संगणकानेच तपासला तर? एके काळी संगणकाला हे तपासायला शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यात मी एक चूक केली. आज त्या चुकीबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गात कधी कधी शेकडो मुलं असतात. आठवड्याला प्रत्येकाची दहा-पंधरा गणितं तपासायची म्हटली तर तपासणारी माणसं थकून जातात, आणि वही परत मिळेपर्यंत मुलगा ते गणित विसरूनही गेलेला असतो. यावर तोडगा म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातले गणिताचे दोन प्राध्यापक, मायकेल गेज आणि अर्नोल्ड पायझर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'वेबवर्क' नावाची प्रणाली तयार केली. मुलाने इंटरनेटवर गृहपाठ उघडायचा, उत्तर टाइप करायचं, आणि बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळणार. गणित तेच, पण प्रत्येक मुलाला आकडे वेगळे, त्यामुळे शेजाऱ्याचं उतरवून उपयोग नाही. ही प्रणाली त्यांनी सगळ्यांना मोफत खुली केली. जगभरच्या शिक्षकांनी तिच्यासाठी लिहिलेल्या गणितांचा साठा आज तीस हजारांच्या वर गेला आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात असताना ख्रिस सँगविन यांनी २००४च्या सुमारास 'स्टॅक' ही अशीच दुसरी प्रणाली उभी केली. तीही मोफत आहे.

यातलं प्रत्येक गणित कुणातरी शिक्षकाने बसून लिहिलेलं असतं. लिहिलेलं म्हणजे प्रश्न लिहिणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग पुढचा. कोणतं उत्तर बरोबर मानायचं आणि कोणतं नाही, याच्या सूचना संगणकाला त्याच्या भाषेत लिहून द्याव्या लागतात. एम. एस्सी. करून मी तिकडे पुढच्या शिक्षणाला गेलो, तेव्हा फी माफ होण्यासाठी मला वर्गाला शिकवण्याचं आणि अशाच एका प्रणालीसाठी गणितं लिहिण्याचं काम मिळालं. गोष्ट साधारण वीस वर्षांपूर्वीची.

संगणक उत्तर तपासतो म्हणजे नेमकं काय करतो, हे आधी सांगतो. पुष्कळांना वाटतं, तो अक्षराला अक्षर जुळवून बघत असेल. तसं नाही. तसं केलं तर 'एक्स अधिक एक' आणि 'एक अधिक एक्स' ही दोन वेगळी उत्तरं ठरतील. वेबवर्कसारखी प्रणाली काय करते, तर मुलाचं सूत्र घेते, शिक्षकाचं सूत्र घेते, एक्सच्या जागी चार-पाच वेगवेगळ्या संख्या स्वतःच निवडून घालते, आणि दोन्हीकडून येणाऱ्या किमती जवळजवळ सारख्या आल्या तर उत्तर बरोबर मानते. किराणा दुकानदार पोत्यातले चार दाणे हातावर घेऊन तांदळाची पारख करतो, तसंच. युक्ती साधी आहे आणि बहुतेक वेळा चोख चालते.

मी पाळण्याचं गणित लिहिलं तेव्हा याच युक्तीवर विसंबलो. समीकरणाच्या सगळ्या उकली द्या, असा प्रश्न. दोन रकाने ठेवले. एकात '३० अधिक ३६० एन' आणि दुसऱ्यात '१५० अधिक ३६० एन' अशी उत्तरं अपेक्षित. इथे एन म्हणजे कोणताही पूर्णांक, म्हणजे पाळण्याच्या किती फेऱ्या झाल्या तो आकडा. प्रत्यक्षात आम्ही अंशांऐवजी पाय वापरून कोन लिहीत होतो, पण आकाशवाणीवर अंशच बरे. गणित चालवून पाहिलं, चाललं, आणि मी निर्धास्त झालो.

त्या आठवड्यात वर्गातली एक मुलगी माझ्या खोलीवर आली. महाराष्ट्रातून बारावी करून तिकडे आलेली. मराठीत बोलता येतं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला असावा. दारातच म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही जरा बघाल का? मी चौदा वेळा करून पाहिलं."

मी म्हटलं, "बस आधी. पहिल्यांदा काय लिहिलं होतंस?"

तिने वही पुढे केली. वहीत आपल्याकडे बारावीला शिकवतात ते सूत्र होतं: एन गुणिले १८०, अधिक, उणे एकचा एन-वा घात गुणिले ३०. ज्यांनी विज्ञान शाखेतून बारावी केली आहे, त्यांना ते 'जनरल सोल्यूशन' आठवत असेल. एनच्या जागी शून्य घाला, ३० येतात. एक घाला, १८० वजा ३०, म्हणजे १५०. दोन घाला, ३९०. तीन घाला, ५१०. पाळण्याचं वर जाणं आणि खाली येणं, दोन्ही एकाच सूत्रात बसवलेलं. माझ्या दोन रकान्यांत जे होतं, ते तिने एका ओळीत लिहिलं होतं. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

माझ्या सूचनांनी मात्र ते चूक ठरवलं. कारण संगणकाने नेहमीप्रमाणे एनच्या जागी मनाला येईल ती संख्या घातली, समजा ०.३७. आता उणे एकचा ०.३७वा घात वास्तव संख्यांत काढताच येत नाही. एन पूर्णांकच असतो, हे मी संगणकाला सांगितलंच नव्हतं. माणसाला ते सांगावं लागत नाही, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही. दोष त्या प्रणालीचा नव्हता, माझ्या सूचनांचा होता.

मला जास्त लागलं ते पुढचं. पहिलं उत्तर चूक ठरल्यावर त्या मुलीने ते खोडलं होतं. मग चिन्ह बदलून पाहिलं, ३०च्या जागी ६० घालून पाहिले, एक तुकडा गाळून पाहिला. चौदाव्या वेळी तिने जे लिहिलं होतं ते खरोखरच चूक होतं. पहिल्या बरोबर उत्तरापासून ती पायरी-पायरीने लांब गेली होती, आणि तिला प्रत्येक पायरीवर वाटत होतं की आपल्याला हा धडा कळलेलाच नाही. मी म्हटलं, "अगं, तुझं पहिलंच उत्तर बरोबर आहे." तर तिचा प्रश्न होता, "मग कॉम्प्युटर चूक का म्हणतोय?" माझ्यावर विश्वास बसायला तिला वेळ लागला. माणूस चुकतो, यंत्र कसं चुकेल, हा आपला समज.

त्या रात्री मी ते गणित दुरुस्त करायला बसलो. वाटलं, तासाभराचं काम. लागले चार दिवस.

पहिली दुरुस्ती सोपी होती. मुलाचं सूत्र माझ्या सूत्राशी जुळवूच नये. एनच्या जागी शून्य, एक, दोन, उणे एक असे पूर्णांक घालावेत, जो कोन येईल त्याचा साइन काढावा, आणि तो अर्धा येतो का ते पाहावं. म्हणजे उत्तर थेट समीकरणात घालून पडताळायचं. शाळेत ताळा करायला शिकवतात, तेच. हे करून पाहिलं आणि त्या मुलीचं सूत्र बरोबर ठरलं. मी खूश.

पण मग मी स्वतःच मुद्दाम वेडंवाकडं उत्तर देऊन पाहिलं. नुसतं '३० अधिक ३६० एन' लिहिलं, १५०चा पत्ताच नाही. संगणक म्हणाला, बरोबर! कारण त्यात आलेली प्रत्येक संख्या समीकरणात बसत होती. सुटलेल्या संख्यांबद्दल मी त्याला काही विचारलंच नव्हतं. म्हणजे आधी माझं गणित बरोबर उत्तराला चूक म्हणत होतं, आता अर्ध्या उत्तराला पूर्ण म्हणायला लागलं.

तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की इथे प्रश्न एक नसून दोन आहेत. उत्तरात काही चुकीचं आलेलं नाही ना, हा पहिला. आणि उत्तरातून काही सुटलेलं नाही ना, हा दुसरा. लग्नाची आमंत्रणं करताना जसं पाहतो तसं. यादीत भलतंच नाव नको, आणि मामाकडचं कुणी राहायलाही नको. एक पाहिलं म्हणून दुसरं आपोआप पाहिलं असं होत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी सगळी उत्तरं एका वर्तुळावर आणून ठेवली. ३६०ने भागायचं आणि बाकी पाहायची. ३९०ची बाकी ३०, ५१०ची १५०. सगळ्या बाक्या मिळून ३० आणि १५० हे दोन्ही कोन आले म्हणजे झालं. यातही दोन खड्डे निघाले. पहिला खड्डा उणे संख्यांचा. उणे ३३०ला ३६०ने भागलं तर काही संगणकभाषा बाकी ३० देतात आणि काही उणे ३३०च ठेवतात. दुसरा खड्डा वर्तुळ जिथे सुरू होतं आणि संपतं तिथला. एका मुलाचं उत्तर ३५९.९९ आलं आणि अपेक्षित उत्तर शून्य असेल, तर दोन्ही बाक्यांत जवळजवळ ३६०चा फरक दिसतो. पण पाळण्यावर त्या दोन जागा एकमेकींना चिकटून आहेत. बाराला एक मिनिट कमी आणि बारा वाजून एक मिनिट यांत दोनच मिनिटांचं अंतर, तसंच हे. म्हणून दोन बाक्या वेगवेगळ्या काढायच्या नाहीत. आधी दोन उत्तरांची वजाबाकी करायची, आणि ती ३६०च्या एखाद्या पटीच्या अगदी जवळ आहे का ते पाहायचं. वेबवर्कमध्ये तर अपेक्षित संख्येबरोबर तिचं आवर्तन किती, हे सांगायची सोयच आहे. एकच कोन विचारला असेल तर तेवढ्याने भागतं.

सगळ्या उकली विचारल्या असतील तर तेवढ्याने भागत नाही. कुणी '३० अधिक ७२० एन' आणि '१५० अधिक ७२० एन' असं लिहिलं तर? वर्तुळावर आणून ठेवलं की ३० आणि १५० दोन्ही दिसतात, पण एक फेरी आड प्रत्येक फेरी सुटलेली असते. सगळं एका वर्तुळावर गुंडाळताना फेऱ्यांचा हिशेबच मी पुसून टाकत होतो. म्हणून शेवटी असं केलं: उणे ७२० ते अधिक ७२० अंश एवढा पट्टा घेतला. त्यात चार फेऱ्या, प्रत्येकीत दोन, म्हणजे आठ उत्तरं असायला हवीत. मुलाच्या सूत्रात एनच्या जागी पुरेसे पूर्णांक घालून ही आठही सापडतात का, ते पाहिलं. ७२०वाल्याची चारच सापडली. बारावीच्या सूत्राची आठही सापडली. माझ्या दोन रकान्यांचीही आठ.

आणखी एक गंमत सांगतो. पायऐवजी दशांशात लिहिणारी मुलं असतात. वर्तुळाची पूर्ण फेरी दोन पाय म्हणजे सुमारे ६.२८३, ते लिहितात ६.२८. एका फेरीत चूक ०.००३ एवढीच, कुणाच्या डोळ्यात येणार नाही. पण बारा फेऱ्यांनंतर ती ०.०३८ होते, म्हणजे दोन अंशांपेक्षा जास्त. रोज थोडं मागे पडणारं घड्याळ महिनाभराने गाडी चुकवतं, तसं. म्हणून प्रश्नाखाली एक ओळ वाढवली: उत्तर पायमध्येच लिहा.

या सगळ्यानंतरही माझी तपासणी परिपूर्ण झाली, असं मी म्हणणार नाही. कुणी ३० अंशांऐवजी शंभर फेऱ्या पुढचा कोन घेऊन सूत्र सुरू केलं, तर माझे मोजके पूर्णांक त्या पट्ट्यापर्यंत पोचणार नाहीत आणि संगणक पुन्हा बरोबर उत्तराला चूक म्हणेल. असं सहसा कुणी लिहीत नाही, पण लिहिलं तर ते चूक नाही. उत्तरं अगणित आणि तपासणी मोजकी, हे अंतर राहणारच.

पण एक गोष्ट मला करता आली आणि तिचं समाधान आजही आहे. आधी संगणक फक्त 'चूक' एवढंच म्हणायचा. दोन प्रश्न वेगळे केल्यावर त्याला दोन वेगळी वाक्यं बोलता यायला लागली. 'तुमच्या उत्तरातली ही संख्या समीकरणात बसत नाही,' हे एक. आणि 'तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण काही उत्तरं राहिली आहेत,' हे दुसरं. दुसरं वाक्य वाचणारा मुलगा हातातलं बरोबर उत्तर खोडत नाही. तो ते ठेवतो आणि राहिलेलं शोधतो. प्रणालीत मुलांची सगळी उत्तरं साठवलेली असतात. ती पुन्हा तपासली तेव्हा त्या मुलीसारखे आणखी काही जण सापडले, पहिल्याच फटक्यात बरोबर लिहून मग भरकटलेले. त्यांचे गुण मी दुरुस्त केले आणि वर्गात उभं राहून चूक माझी होती हे सांगितलं. त्यातले कित्येक जण माझ्याकडे विचारायला आलेच नव्हते. ती मुलगी आली, कारण तिला मराठीत विचारायची सोय होती. बाकीच्यांनी यंत्राचं म्हणणं मुकाट्याने मान्य केलं होतं.

आता आपल्याकडेही संगणकावर परीक्षा होतात. २०२०च्या टाळेबंदीनंतर तर गृहपाठही मोबाइलवर आले. आपल्या बहुतेक प्रवेश परीक्षांत चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. तिथे हा पेच येत नाही, कारण संगणकाला फक्त कोणता पर्याय निवडला तेवढंच पाहायचं असतं. सोय आहे, पण मुलाने स्वतःच्या पद्धतीने काढलेलं उत्तर तिथे लिहायला जागाच नाही. मुलाला मोकळा रकाना द्यायचा असेल, तर त्यात येणारं प्रत्येक रूप वाचायची तयारी तो रकाना ठेवणाऱ्याने करायला हवी. त्यासाठी यंत्रापेक्षा, सूचना लिहिणाऱ्या शिक्षकाला वेळ देणं गरजेचं आहे. एका गणिताला चार दिवस लागतात, हे शाळांनी आणि संस्थांनी धरून चालायला हवं.

आणि घरी बसून ऐकणाऱ्या आई-वडिलांना एकच सांगतो. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते. तीही एक प्रकारचं यंत्रच. मुलाचं उत्तर तिच्याशी जुळलं नाही, तर लगेच 'खोड आणि पुन्हा कर' म्हणू नका. त्याला आधी त्याचं उत्तर समीकरणात घालून बघायला सांगा. बसत नसेल तर चूक शोधू द्या. बसत असेल तर विचारा, "अजून काही राहिलं आहे का?" मुलगा विचार करेल. कदाचित म्हणेल, "हो, पाळणा खाली येतानाचं राहिलं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)